प्रकल्प नोंदी: कॅपिलरी ते प्लाझ्मा, हातपंपाच्या पाण्यातलं आर्सेनिक

११ जून २०२४, नागपूर

कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसचं यंत्र, म्हणजे बारीक नळीत व्होल्टेजने आयन वेगळे करणारं, आज आयसीपी-एमएसच्या खोलीत आणलं. आयसीपी-एमएस म्हणजे तापलेल्या प्लाझ्मात नमुना सोडून अणू वस्तुमानावरून मोजणारं यंत्र. चाकांच्या टेबलावर चढवून नेब्युलायझरच्या (द्रवाचा फवारा करून प्लाझ्मात सोडणाऱ्या भागाच्या) अगदी कुशीत बसवलं, कारण आपली कॅपिलरी जेमतेम ८० सेंटिमीटरची. एक वीत अंतर वाढलं तरी तितका वेळ वाढतो आणि विभागलेले आयन पुन्हा पसरतात.

काम कशासाठी, ते पहिल्याच पानावर लिहून ठेवते, म्हणजे पुढे यंत्राच्या कटकटीत विसरायला होणार नाही. सीमेपलीकडे, पूर्वीच्या राजनांदगाव जिल्ह्यातल्या अंबागड चौकी पट्ट्यात भूजलात आर्सेनिक आहे, हे जादवपूर विद्यापीठाच्या गटाने १९९९ साली मांडलं. तेव्हा तो भाग मध्य प्रदेशात होता. आपल्या गोंदिया-गडचिरोलीला लागूनच आहे. पाण्यात एकूण आर्सेनिक किती, हे आयसीपी-एमएस दोन मिनिटांत सांगतं. पिण्याच्या पाण्याला मर्यादा १० मायक्रोग्रॅम प्रतिलिटर, त्याच्या वर की खाली एवढं कळतं. पण गावात फिल्टर बसवायचा तर तेवढ्यावर भागत नाही. पाण्यात आर्सेनिकची मुख्य रूपं दोन, संयुजा पाच आणि संयुजा तीन. भूजलाच्या नेहमीच्या सामूला आर्सेनिक-पाच ऋणभारित असतं, ॲल्युमिना किंवा लोहाच्या ऑक्साइडला चांगलं चिकटतं. आर्सेनिक-तीन मात्र भाररहित. ते त्याच फिल्टरमधून बरंचसं निसटतं, म्हणून आधी क्लोरीन घालून त्याचं पाच करून घ्यावं लागतं. फिल्टर बसला, गाव निर्धास्त झालं आणि पाणी तसंच राहिलं, असं व्हायला नको.

सर म्हणाले, "तीन किती, पाच किती, ते सांग. आणि ते हातपंपाचं सांग, तुझ्या बाटलीचं नको."

हे वाक्य वहीच्या आतल्या कव्हरवर लिहिलंय.

१४ जून

एचपीएलसी (भरलेल्या स्तंभातून दाबाने द्रव ढकलून विभाजन) का नाही, असं आज दोघांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. रोजच्या कामाला एचपीएलसी आणि आयसीपी-एमएसची जोडीच दणकट आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते. पण तिथे नमुना स्तंभातल्या भरावाला घासून जातो. कॅपिलरीत भराव नाही, पोकळ काचेची नळी आणि बफर (सामू स्थिर ठेवणारं द्रावण), बस्स. ज्या आयनाचं रूप वाटेत बदलेल अशी धास्ती आहे, त्याला जितकं कमी हाताळावं तितकं बरं.

पद्धत नवी नाही. पातळ काचेच्या नळीत जास्त व्होल्टेजवर आयन वेगळे करून जॉर्गन्सन आणि लुकाक्स यांनी १९८१ मध्ये दाखवले. मास स्पेक्ट्रोमीटरशी पहिली जोडणी १९८७ ची, आणि आयसीपी-एमएसशी ऑलेसिक आणि सहकाऱ्यांची १९९५ ची. म्हणजे वाट मळलेली आहे. तरी प्रत्येक प्रयोगशाळेला आपला सांधा आपणच बसवावा लागतो.

आपली कॅपिलरी: फ्यूज्ड सिलिका, आतला व्यास ७५ मायक्रोमीटर. एका सेंटिमीटरमध्ये ४४ नॅनोलिटर मावतात. सव्वा सेंटिमीटर नमुना आत घेतला तर ५० नॅनोलिटरच्या आसपास. १० मायक्रोग्रॅम प्रतिलिटरच्या पाण्याच्या ५० नॅनोलिटरमध्ये आर्सेनिक असतं अर्धा पिकोग्रॅम. तेवढं प्लाझ्मापर्यंत एकत्र, न विखुरता पोचवायचं आहे.

१९ जून

आज ओढ मोजली. सगळ्या जोडणीचं दुखणं इथेच आहे. कॅपिलरीतून मिनिटाला काहीशे नॅनोलिटर पाणी येतं आणि नेब्युलायझरला सवय मिनिटाला १०० मायक्रोलिटरची. आर्गॉनच्या झोताने तो समोर येईल ते ओढतो, मग कॅपिलरीतलंही ओढतो.

रीत सोपी. कॅपिलरी बफरने भरली, व्होल्टेज शून्य ठेवलं, सुरुवातीच्या कुपीत आर्सेनिकचं दाट स्टँडर्ड (प्रमाण ठाऊक असलेलं द्रावण) ठेवलं आणि घड्याळ लावलं. व्होल्टेज नाही, दाब नाही, तर सिग्नल यायलाच नको. पण बरोबर ४ मिनिटांनी वस्तुमान ७५ वर, म्हणजे आर्सेनिकच्या जागी, रेघ उभी राहिली. ८० सेंटिमीटर ४ मिनिटांत, म्हणजे मिनिटाला २० सेंटिमीटर, म्हणजे जवळपास ८८० नॅनोलिटर. आपल्या बफरमध्ये विद्युत-परासरणाचा प्रवाह (व्होल्टेज लावल्यावर बफर स्वतःच वाहतो तो) हिशोबाने मिनिटाला ३३० च्या आसपास येतो. ओढ त्याच्या अडीचपटीहून जास्त.

तरीही व्होल्टेज लावून चार प्रकारांचं मिश्रण सोडून पाहिलं. आर्सेनिक-पाच, मोनोमिथाइल, डायमिथाइल (मिथाइल गट जोडलेली आर्सेनिकची दोन रूपं), आर्सेनिक-तीन, चारही अर्ध्या मिनिटात एकमेकांच्या अंगावर आले. एकच रुंद टेकाड.

२४ जून

ओढ बंद करायची तर नेब्युलायझरची तहान दुसऱ्या वाटेने भागवायची. कॅपिलरीच्या टोकाशी टी-जोड घातला, आडव्या वाटेने सिरिंज पंपाचं भरणीचं द्रव: ५ मिलिमोलर अमोनियम नायट्रेट, त्यात थोडं ऱ्होडियम. ऱ्होडियम अशासाठी की वस्तुमान १०३ ची रेघ सरळ राहिली तर नेब्युलायझर नीट चाललाय हे कळतं. टी-मध्येच प्लॅटिनमची तार, ती जमिनीला जोडलेली. विद्युत मंडल इथे पुरं होतं.

मिनिटाला ८० मायक्रोलिटर दिले: ओढ शिल्लक. १२० दिले: उलटंच झालं, द्रव कॅपिलरीत मागे शिरलं आणि करंट सरकत राहिला. १०० ते १०५ च्या दरम्यान शांत. व्होल्टेज नसताना ४० मिनिटं थांबले, ७५ ची रेघ हलली नाही. इतकी सपाट रेघ बघून इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

कुपीतल्या पाण्याची पातळी आणि नेब्युलायझरचं तोंड एका उंचीला हवं, नाहीतर सायफन लागतो. लाकडी ठोकळे घालून दोन्हीची पातळी मिळवली. ठोकळे काढू नयेत, वर चिठ्ठी लावली आहे.

२६ जून

व्होल्टेज लावल्यावर सहाव्या-सातव्या मिनिटाला करंट एकदम शून्य. तीनदा तसंच. भिंगाखाली टी-जोड धरला तेव्हा दिसलं: कॅपिलरीच्या तोंडावर मोहरीच्या दाण्यापेक्षाही बारीक एक बुडबुडा बसलेला. तार तोंडाला फार जवळ होती. पाण्याच्या विघटनाने तारेवर ऑक्सिजन सुटतो आणि तोंड बंद करतो.

वर्कशॉपमधल्या काकांकडे गेले. त्यांनी टी-जोड उजेडाकडे धरून फिरवला आणि म्हणाले, "ताई, तार पुढं घ्या. पाणी बुडबुड्याला वाहून नेईल, मागं येऊ देणार नाही." तोंडापासून चार मिलिमीटर पुढे, प्रवाहाच्या दिशेने, नवं भोक पाडून दिलं. त्यानंतर दीड तास करंट १८ मायक्रोअँपिअरवर स्थिर.

सरांची एक शंका इथेच नोंदवते: तार धन ध्रुव आहे, मग आर्सेनिक-तीनचं तिथेच पाच होणार नाही का? होईलही. पण तोवर ते कॅपिलरीतून वेगळं होऊन, आपल्या वेळेला बाहेर पडलेलं असतं. पुढे प्लाझ्मामध्ये तसेही सगळे संयुगबंध तुटतात, मास स्पेक्ट्रोमीटर फक्त ७५ मोजतो. प्रकार ओळखायचा तो पोचण्याच्या वेळेवरून. त्यामुळे रूप जपायचं ते कॅपिलरीच्या तोंडापर्यंतच.

३ जुलै

पहिलं खरं विभाजन. बफर २० मिलिमोलर बोरेट, सामू ९.४, त्यात टीटीएबी (साबणासारखं धनभारित संयुग). सिलिकाची भिंत ऋणभारित असते, तिच्यामुळे सगळा प्रवाह ऋण ध्रुवाकडे वाहतो आणि आपले ऋण आयन उलट पोहत राहतात, आर्सेनिक-पाच तर फार उशिरा आणि पसरून पोचतं. टीटीएबीचे रेणू भिंतीवर थर देतात, भिंतीचा भार पालटतो, प्रवाहही पालटतो. मग कुपीच्या टोकाला उणे २२ किलोव्होल्ट द्यायचे, आणि आयन व प्रवाह दोघं एकाच दिशेने, प्लाझ्माकडे.

आर्सेनिक-पाच ५.१ मिनिटांना, मोनोमिथाइल ५.७, डायमिथाइल ६.९, आर्सेनिक-तीन ८.१. चार पीक (आलेखावरची शिखरं), मध्ये स्वच्छ जागा. आर्सेनिक-तीनचा विघटन स्थिरांक ९.२ च्या जवळ, म्हणून ९.४ सामूला ते निम्म्याहून थोडं जास्त भारित असतं. थोडंसं पोहतं, सगळ्यात शेवटी येतं. सामू ०.२ ने घसरला तरी त्याची वेळ सरकते, तेव्हा बफर रोज ताजा.

एक गोष्ट खटकली. नुसतं आर्सेनिक-तीनचं स्टँडर्ड सोडलं तरी ५.१ ला बारीकसा पीक. कॅपिलरीत ऑक्सिडेशन होतंय की काय, या विचाराने रात्री झोप नीट लागली नाही.

४ जुलै

स्टँडर्ड नव्याने केलं, नायट्रोजन सोडलेल्या पाण्यात. ५.१ चा पीक नाही. दोष जुन्या बाटलीतल्या द्रावणाचा होता, कॅपिलरीचा नाही. मूळ द्रावणावर आता तारीख आणि "१५ दिवस" अशी चिठ्ठी.

११ जुलै

चार दिवस सलग पाऊस. खोलीत दमटपणा इतका की २२ किलोव्होल्टला कुपीच्या कडेवरून ठिणगी उडाल्याचा चट् आवाज आला, करंट नाचला. बफरचे सुकलेले थेंब कुपीच्या कंगोऱ्यावर राहतात, दमट हवेत तेच वाट करून देतात. सगळे इलेक्ट्रोड धुऊन, अल्कोहोलने पुसून, सिलिका जेलच्या दोन थैल्या आत. डिह्युमिडिफायर आता रात्रभर चालू राहतो.

कॅपिलरी नव्याने कापली. हे काम मी कुणावर सोपवत नाही. सिरॅमिकच्या पातीने वरच्या पॉलिइमाइडवर एक हलकी रेघ, मग दोन बोटांत धरून सरळ ओढायचं. वाकवायचं नाही. भिंगाखाली कड आरशासारखी सपाट दिसली पाहिजे. तिरकी कड राहिली की पीकला शेपूट फुटतं. टोकाचं तीन-चार मिलिमीटर पॉलिइमाइड ज्योतीवर जाळून अल्कोहोलने पुसायचं, कारण ते द्रवात फुगतं आणि तोंडावर झालर धरतं. आज सातव्या तुकड्याला मनासारखी कड मिळाली.

१८ जुलै

नळाच्या पाण्यात आर्सेनिक घालून पाहिलं. ४.१ मिनिटांना एक अनोळखी पीक, आर्सेनिक-पाचच्याही आधी. बरोबरची नवी विद्यार्थिनी उत्साहाने म्हणाली, "ताई, पाचवा प्रकार सापडला!" तिला वस्तुमान ७७ ची रेघ दाखवली. तिथेही त्याच क्षणी पीक, साधारण एक-तृतीयांश उंचीचा. तो आर्सेनिक नाहीच. प्लाझ्मामध्ये आर्गॉन आणि क्लोरीन जोडी करतात, ४० आणि ३५ मिळून ७५. क्लोरीनचा दुसरा समस्थानिक ३७, त्याची जोडी ७७ वर. निसर्गात या दोघांचं प्रमाण तीनास एक, तेच प्रमाण रेघेवर उतरलं.

नुसतं एकूण आर्सेनिक मोजताना हा क्लोराइड आर्सेनिकच्या नावावर जमा होतो. म्हणून तिथे हीलियमची कोलिजन सेल लागते आणि ती थोडी संवेदनशीलता खाते. इथे क्लोराइड सगळ्यांत चपळ, पुढे निघून गेलेला. ज्याने फसवलं असतं तो आधीच आपली ओळख देऊन जातो. हीलियम बंद ठेवलं. यापुढे प्रत्येक रनमध्ये ७७ ची रेघ सोबत छापायची.

३० जुलै, गावात

पहाटे चारला निघालो. गावाचं नाव आणि पंपांचे आकडे या वहीत लिहिणार नाही. ते आधी तिथल्या ग्रामपंचायतीला मिळतील.

सहा हातपंप. प्रत्येकी पाच मिनिटं उपसून मग तीन बाटल्या. क: तसंच पाणी. ख: नायट्रिक आम्ल घालून, एकूण आर्सेनिकसाठी. ग: जागेवरच ०.४५ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून काढून त्यात ईडीटीए आणि ॲसेटिक आम्ल, काळी बाटली, बर्फाच्या पेटीत.

चौथ्या पंपावर पाणी भरायला आलेल्या आजींनी हंडा बाजूला ठेवून आमचं सगळं काम होईपर्यंत वाट बघितली. मग विचारलं, हे पाणी प्यायचं की नाही? मी सांगितलं, अजून माहीत नाही, कळलं की येऊन सांगू. त्यांनी हंडा भरला. पर्याय नव्हताच. त्या हंड्यातलं पाणी उपसताना काचेसारखं होतं. आम्ही पेट्या गाडीत ठेवेपर्यंत त्यावर पिवळसर झाक आली होती.

१ ऑगस्ट

पंप चारची क बाटली उजेडात धरली. तळाला गंजाच्या रंगाचा कापसासारखा मऊ गाळ, हलवला की ढगासारखा उठतो. वरचं पाणी नितळ.

वरचं पाणी सोडलं: आर्सेनिक-तीन जवळजवळ नाहीच, आर्सेनिक-पाच लहानसा. दोघांची बेरीज ख बाटलीतल्या एकूण आर्सेनिकच्या जवळपासही नाही. मग गाळ वेगळा करून आम्लात विरघळवला. आर्सेनिक तिथे होतं. जमिनीतून येताना लोह विरघळलेलं असतं, हवा लागली की त्याचा गंज होतो, आणि तो गंज आर्सेनिकला धरून खाली बसतो. दोन दिवस अशा बाटलीत ठेवून कुणी वरचं पाणी तपासलं असतं तर पंप चार निर्धोक ठरला असता.

ग बाटली सोडली. ८.१ मिनिटांना आर्सेनिक-तीनचा पीक पाचच्यापेक्षा स्पष्टपणे मोठा. मिथाइलचे दोन्ही प्रकार दिसले नाहीत. ईडीटीएने लोहाला धरून ठेवलं, त्याला गंजू दिलं नाही, म्हणून आर्सेनिकला बसायला जागा मिळाली नाही.

सरांना फोन केला. म्हणाले, "म्हणजे साध्या फिल्टरने काम होणार नाही." नंतर दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

१३ ऑगस्ट

ग बाटल्यांचे पीक स्टँडर्डपेक्षा रुंद येतात. शुद्ध पाण्यातल्या स्टँडर्डची वाहकता कमी, त्यामुळे नमुन्याच्या टप्प्यात विद्युत क्षेत्र जास्त, आयन धावत येऊन बफरच्या सीमेवर गोळा होतात आणि पट्टा आपोआप अरुंद होतो. भूजलात क्षार, त्यात आपणच घातलेलं ॲसेटिक आम्ल. वाहकता बफरच्या जवळ जाते आणि हा फायदा हातचा जातो.

उपाय विचित्र वाटतो, पण लागू पडतो: नमुना पाचपट पातळ करायचा आणि सव्वा सेंटिमीटरऐवजी सहा सेंटिमीटर आत घ्यायचा. आर्सेनिक तेवढंच, पण आता ते गोळा होऊन येतं. आर्सेनिक-पाच निम्म्याहून कमी रुंदीत आला. आर्सेनिक-तीनला फायदा कमी, त्याचा भार अर्धवट असल्याने तो तितक्या जोराने धावत नाही. आठ सेंटिमीटर घेऊन पाहिलं तर मोनोमिथाइलची जागा पाचला चिकटू लागली. सहावर थांबले.

२ सप्टेंबर

पोळा. विद्यापीठाला सुट्टी, पण आर्गॉनचे सिलेंडर शनिवारीच आले होते आणि खोलीत वर्दळ नव्हती, म्हणून सकाळी आले. शांत दिवशी बेसलाइन खरोखरच शांत असते, दार उघडझाप नाही, एसी एकसारखा. सहाही पंपांच्या ग बाटल्या, प्रत्येकी तीनदा. संध्याकाळी घरी जाताना रस्त्यावर झुली घातलेले बैल, पोरं मागे धावत होती.

१९ सप्टेंबर

कोनवर, म्हणजे प्लाझ्मासमोरच्या धातूच्या शंकूंवर, पांढरी पूड धरली आहे. बोरेट आणि टीटीएबी रोज थोडं थोडं साचतं. ऱ्होडियमची रेघ आठवडाभरात उतरत गेली त्याचं कारण हेच. कोन काढून धुतले, रेघ परत जागेवर. दर २५ रननंतर कोन, असा नियम केला. रनच्या मध्ये आधी सोडियम हायड्रॉक्साइडने, मग बफरने कॅपिलरी धुण्याचा वेळ वाढवला. भिंतीवरचा टीटीएबीचा थर एकसारखा झाला आणि वेळा दुसऱ्या दशांशापर्यंत जुळू लागल्या.

४ ऑक्टोबर

आजचा हिशोब. ग बाटलीतले तीन आणि पाच मिळवून, ख बाटलीच्या एकूण आर्सेनिकशी ताडून पाहिले. पाच पंपांची बेरीज जुळते. पंप दोनची कमी पडते, दोनदा तपासूनही कमीच. फिल्टर करताना गाळ आधीच धरला होता, असं वाटतं. विद्यार्थिनीच्या त्या दिवशीच्या टिपणात "पाणी आधीच गढूळ" अशी ओळ आहे. तिने लिहून ठेवलं म्हणून आज कळलं. पंप दोनचा नमुना पुन्हा घ्यायचा, आणि या वेळी फिल्टरवरचा गाळही आणायचा.

आर्सेनिक-तीन मुद्दाम मिसळून परत मिळतं का तेही पाहिलं. पंप एक आणि चार दोन्हीत मिळालं, पाचचा पीक वाढला नाही. बाटलीत आणि कॅपिलरीत रूप टिकतं, हे आता खात्रीने म्हणता येईल.

ग्रामपंचायतीसाठी एक पान लिहिलं. पंपाचा क्रमांक, एकूण आर्सेनिक मर्यादेच्या वर की खाली, आणि फिल्टर बसवायचा झाल्यास आधी क्लोरीन लागेल की नाही, हे तीनच रकाने. सरांनी दोन शब्द बदलले. हिंदी मजकूर तिथल्या शिक्षकांना दाखवून मग छापायचा.

पेटी भरली: अठरा काळ्या बाटल्या, ईडीटीए आधीच घालून, फिल्टर, हातमोजे, बर्फाचे पॅक फ्रीझरमध्ये. मंगळवारी पहाटे चारला निघायचं. पहिला थांबा पंप चार.